खिशातला छोटा लॉकबॅक चाकू: कार्बन स्टील घ्यावं की स्टेनलेस?

मोहाडीकर

नमस्कार मंडळी,

दुकानात चाकू बघायला गेलं की दुकानदारच आपल्याला वरून खाली न्याहाळतो आणि विचारतो, "साहेब, कशाला हवाय?" म्हणून आधी इथे विचारतो.

हवा आहे तो असा: घडीचा, पॅंटच्या खिशात राहील असा, पातं फार तर तीन-साडेतीन इंच. उघडल्यावर पाठीमागे खटका बसून पातं पक्कं झालं पाहिजे, म्हणजे लॉकबॅक. बटण दाबलं की खाडकन उघडणारा नको, तसले चाकू फोटोत पोलिसांच्या टेबलावर मांडलेले बरे दिसतात.

वापर: दिंडोरीकडे आमची थोडी द्राक्षबाग आहे. तिथे ठिबकची लॅटरल (नळी) कापायला, सुतळ्या, खोक्यांच्या पट्ट्या, खताच्या गोण्या. दुपारी त्याच चाकूने कांदा, काकडी, पेरू. जमेल त्या रविवारी रामशेज, अंजनेरी, हरिहर.

मावसभाऊ कोलोनला असतो, दिवाळीला येतोय. सोलिंगन त्याच्यापासून जवळ, तिथला हवा असेल तर आणतो म्हणाला. त्याने दोन फोटो पाठवले. चाकू एकच, काळी पत्र्याची मूठ, तिच्यावर उडी मारणारं मांजर. एकाचं पातं कार्बन स्टीलचं, दुसऱ्याचं स्टेनलेस. इथेच गाडं अडलंय. निम्मे लोक म्हणतात कार्बनसारखी धार नाही, निम्मे म्हणतात एका पावसाळ्यात गंजून जाईल. आपल्या हवेत, आपल्या कामाला कुठला?

पंचवटी_एक्सप्रेस

स्टेनलेस. व्हिक्टोरिनॉक्स. पुढचा प्रश्न?

मोहाडीकर

@पंचवटी, आहे ना घरी, छोटा लाल. पण त्याला लॉक नाही, नुसत्या स्प्रिंगच्या दाबावर पातं उभं राहतं. फळाला उत्तम. १६ एमएमची लॅटरल कापताना मात्र पातं मधेच धरलं जातं, सोडवायला जावं तर बोटांवर मिटू बघतं. म्हणून लॉक हवंय.

कांदेनवमी

घरात विळी असताना एवढी चर्चा? चिवडा घेऊन बसलोय कोपऱ्यात. चालू द्या.

टूलरूम_सातपूर

सातपूरच्या टूलरूममध्ये आयुष्य गेलं, तेव्हा थोडं लांबण लावतो, सहन करा.

तो मांजराचा चाकू म्हणजे मर्केटर. सोलिंगनच्या ऑटर कंपनीचा. सोलिंगन हे नाव तिकडे कायद्याने राखलेलं आहे, तिथे न बनलेल्या पात्यावर ते कोरता येत नाही. तेव्हा माल खात्रीचा. दोन्ही पोलादांत तोच चाकू मिळतो हे तुमचं भाग्य, कारण लॉकबॅकमध्ये कार्बनचं पातं आता फार कमी जण देतात.

आता पोलाद. कार्बन दोन्हीत असतो, त्याशिवाय धार धरायची कशी? फरक क्रोमियमचा. साधारण साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम गेलं की पात्याच्या अंगावर त्याच्या ऑक्साइडचा एक थर बसतो, डोळ्यांना दिसणार नाही इतका पातळ. ओरखडा पडला तर हवेतल्या ऑक्सिजनने तो परत भरून येतो. शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने १९१३ साली बंदुकीच्या नळ्यांसाठी पोलाद शोधताना हे केलं, आणि ते शेवटी गेलं जेवणाच्या टेबलावरच्या सुऱ्यांत. तरी स्टेनलेस म्हणजे कधीच न गंजणारं असं समजू नका. ओलं, खारट काही दिवसेंदिवस चिकटून राहिलं की त्यालाही ठिपके पडतात.

मर्केटरचं कार्बन पातं सी७५ चं, म्हणजे पाऊण टक्का कार्बन, बाकी जवळजवळ लोखंडच. स्टेनलेसचं १.४०३४, त्यात कार्बन साधारण ०.४५ टक्के आणि क्रोमियम १३ ते १४. कागदावर सी७५ वरचढ वाटतं. त्याचा दाणा बारीक, म्हणून दगडावर चार हात फिरवले की धार येते आणि ती खरंच सुरेख येते. स्टेनलेस घासताना ते थोडं चिवटपणा करतं, धारेची बर (घासताना कडेला उलटून येणारा बारीक पापुद्रा) सहजासहजी सुटत नाही. पण गोणी कापणाऱ्या हाताला या दोघांतला फरक कळेल, असं मला वाटत नाही.

खरी मेख भट्टीत आहे. साध्या कार्बन स्टीलला साधारण ८०० अंशांवर लाल करायचं, तेलात बुडवायचं, मग २०० च्या आसपास टेंपर करायचं, म्हणजे परत तापवून ठिसूळपणा घालवायचा. लोहार हे सगळं रंगावर करतो. घासून पांढऱ्या केलेल्या पात्यावर फिकट गवती रंग चढला की तो थांबतो. स्टेनलेसला हे चालत नाही. त्याला १००० ते १०५० अंश लागतात, आणि तिथे ठरावीक मिनिटं धरून ठेवावं लागतं, नाहीतर क्रोमियमने बांधून ठेवलेला कार्बन मोकळाच होत नाही आणि पातं मऊ राहतं. डोळ्यांच्या अंदाजावर जमणारं हे काम नव्हे. म्हणून यात्रेत घेतलेली स्टेनलेसची सुरी आरशासारखी चमकते आणि पिकल्या टोमॅटोवर घसरते, आणि त्याच यात्रेत घिसाड्याकडून घेतलेला विळा वर्षानुवर्षं चालतो. लोक मग स्टेनलेसला नावं ठेवतात. चांगल्या कारखान्यातलं स्टेनलेस घेतलं की ही तक्रार उरत नाही.

जाता जाता: चुंबक लावून 'खरं स्टेनलेस' ओळखणारे दुकानदार भेटतात. पातेल्याचं स्टेनलेस चुंबकाला चिकटत नाही, कारण त्यात निकेल असतं, आणि ते पोलाद भट्टीत कडक करताच येत नाही. चाकूचं स्टेनलेस चिकटतं, चिकटलंच पाहिजे.

पंचवटी_एक्सप्रेस

काका, दंडवत. वाचनखूण साठवली.

निफाडची_लेक

काका, सुंदर प्रतिसाद. मी स्वयंपाकघराच्या बाजूने बोलते, कारण मोहाडीकर दादांना त्याच चाकूने खायचंही आहे.

आईच्या विळीचं पातं लोखंडी. केळफूल चिरायला घेतलं की पहिल्या काही कापांतच पात्यावर निळसर-जांभळा डाग पसरतो आणि चिरलेल्या फुलाच्या कडा काळ्या पडतात. कच्च्या फणसाचं, कैरीचं तेच. यातल्या तुरट रसात टॅनिन असतं, लोखंडाशी त्याची गाठ पडली की चक्क शाई तयार होते. पूर्वी हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) उकळून शाई करायचे, ती हीच. म्हणजे दादा, नव्या कार्बनच्या पात्याने पेरू कापाल तर पहिले काही दिवस पेरूबरोबर लोखंडही खाल. कांद्यालाही एक वेगळाच वास येतो.

पुढे हे कमी होतं. वापरून वापरून पातं राखाडी, मग शिसवी रंगाचं होतं. तो लाल गंज नव्हे, उलट तो थर बसला की लाल गंज सहसा धरत नाही. आईच्या विळीचं पातं मधोमध गडद आणि धारेच्या कडेला बोटभर पांढरं आहे, दिसायलाही छान दिसतं. पण तिचा नियम कडक: काम झालं की विळी लगेच धुवायची, कोरडी करायची, आणि आषाढ-श्रावणात वर गोडेतेलाचं बोट. ओली विळी मोरीत पडलेली दिसली तर घरात कुणाची खैर नाही.

बांधावर बसून काकडी खाल्ल्यावर तुम्ही पातं पुसून, तेलाचं बोट फिरवून खिशात टाकाल का? हे तुमचं तुम्हालाच माहीत. पुसणार असाल तर कार्बन घ्या, नाहीतर नका घेऊ.

कांदेनवमी

बघा, शेवटी आलो की नाही विळीवर?

उगावकर

ताईंनी शाई सांगितली, मी मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) सांगतो. त्यावर अजून कुणी बोललं नाही आणि बागायतदाराला तेच सगळ्यात महत्त्वाचं.

बोर्डो, म्हणजे बुरशीवरची मोरचूद-चुन्याची फवारणी, मारताच ना? एक टक्क्याचं म्हणजे १०० लिटर पाण्याला किलोभर मोरचूद, किलोभर चुना. मिश्रण जमलं का हे बघायला आमचे आजोबा विळा विटेवर घासून चकचकीत करायचे आणि थोडा वेळ पिंपात धरायचे. बाहेर काढल्यावर पात्यावर तांबूस साय दिसली तर मोरचूद मोकळं राहिलंय, आणखी चुन्याची निवळी ओता, नाहीतर कोवळी पानं करपतात. पातं पांढरंच राहिलं तर खुशाल फवारा. आता पीएच पेपर आले, पण मी अजूनही विळा बुडवून बघतो.

ही परीक्षा होते कशी? लोखंड द्रावणात उतरतं आणि त्याच्या जागी तांबं येऊन बसतं. म्हणजे मोरचुदाने भरलेल्या हाताने कार्बनचा चाकू हाताळला तर तुमच्या पात्याचीही हीच परीक्षा चालू होते. वरचं तांबं कपड्याने निघतं, खाली खाल्लेली जागा राहते. ऑक्टोबर छाटणीनंतर पावसाळी हवेत बोर्डोच्या फवारण्या किती होतात ते तुम्हाला सांगायला नको. स्टेनलेसवर क्रोमियमचा तो थर असल्यामुळे तांबं सहसा चढत नाही.

पण स्टेनलेसवाल्यांनीही उड्या मारू नयेत. कात्र्या निर्जंतुक करायला काही जण हायपोक्लोराइटचं पाणी ठेवतात. ते स्टेनलेसलाही टोचून टोचून खातं, बारीक खड्डे पडतात. चाकू स्पिरिटने पुसा.

आणि डॉगरिजवर (द्राक्षाच्या खुंटावर) कलम करायला हाच चाकू वापरू असा विचार असेल तर सोडून द्या. कलमाच्या चाकूला एकाच अंगाने धार असते, दुसरं अंग सपाट, म्हणून काप सरळ जातो आणि काडी काडीला बसते. खिशातल्या चाकूला दोन्ही अंगांनी धार. काप डुगडुगतो.

मोहाडीकर

उगावकर, कलमाला आमच्याकडे माणसं येतात, त्यांचे चाकू ते दुसऱ्याला हातसुद्धा लावू देत नाहीत. बोर्डोचं मात्र लाखातलं बोललात.

अजून एक. ट्रेकला पावसात, घामाच्या खिशात याचं काय होतं? आणि लॉकबॅकचं लॉक कितपत भरवशाचं? कुणीतरी ओपिनेल सुचवला होता, लाकडी मुठीचा, तो कसा?

धार_पुणेकर

एवढी चर्चा करून शेवटी १.४०३४? अहो, जरा पुढे या. व्हीजी-१० घ्या: एक टक्का कार्बन, १५ टक्के क्रोमियम, वर कोबाल्ट, मॉलिब्डेनम, व्हॅनेडियम. स्पायडर्को डेलिका बघा. लॉकबॅकच आहे, पातं ७३ मिलिमीटर, वजन ७० ग्रॅमच्या आसपास, जपानमध्ये सेकीला बनतो. एका हाताने उघडतो, क्लिपने खिशाला अडकतो. त्या मांजरापेक्षा धार कितीतरी जास्त टिकेल. नाहीतर डी२ मध्ये काहीतरी घ्या.

टूलरूम_सातपूर

पुणेकर, डी२ हे आमच्या प्रेस टूलच्या डायचं पोलाद. दीड टक्का कार्बन, १२ टक्के क्रोमियम. पण त्यातलं बरंचसं क्रोमियम कार्बाइडमध्ये अडकून पडतं, थर बांधायला पुरेसं उरत नाही, म्हणून डाग पडतात. ना धड इकडे ना तिकडे. टिकतं मात्र भरपूर, आणि एकदा बोथट झालं की साध्या दगडावर तुमचा घाम काढतं.

डेलिकाला माझी हरकत नाही, चांगला चाकू आहे. प्रश्न कामाचा आहे. गोणीच्या विणीत माती अडकलेली असते, लॅटरलवर वाळू असते. वाळूपुढे व्हीजी-१० काय आणि सी७५ काय. ज्याला वरचेवर पाजवावं लागणार, त्याने पटकन पाजवलं जाणारं पोलाद घ्यावं.

पंचवटी_एक्सप्रेस

डी२ वरून आठवलं. एका मित्राने ऑनलाइन स्वस्तातला एक मागवला, पात्यावर ठळक 'डी२' कोरलेलं. खोकी फोडता फोडता धार जी दुमडली, ती सरळ कागदाच्या बाजूने वाकलेली दिसते. कोरायला काय, त्यावर सोन्याचा म्हणूनही कोरता येईल.

कातळकडा

लॉकचं मी सांगतो, ट्रेकला येणाऱ्या नव्या पोरांना नेहमी दाखवावं लागतं.

मुठीच्या पाठीवर एक लांब पट्टी असते, मधोमध खिळीवर तोललेली, तराजूच्या दांडीसारखी. तिच्या पुढच्या टोकाला आकडा, मागच्या टोकाखाली स्प्रिंग. पातं पूर्ण उघडलं की आकडा पात्याच्या बुडातल्या खाचेत पडतो आणि खट् असा कोरडा आवाज येतो. मिटायचं तर पट्टीची मागची बाजू दाबायची, आकडा वर उचलला जातो. रचना जुनी आणि साधी, म्हणून टिकली.

बिघडते कशी, तर त्या खाचेत खिशातला कापूस, माती, सुतळीचा कोंडा जाऊन बसतो. मग आकडा अर्धाच उतरतो. आवाज येतो, पण दबका. त्यामुळे उघडल्यावर पाठीवरून अंगठा फिरवायचा. पट्टी मुठीच्या पाठीशी सपाट लागली तर बसला, वर राहिली तर नाही बसला. खाच काडीने कोरून काढायची, मग तेलाचा एक थेंब. शिलाई मशीनचं तेल पुरतं. पात्याला खाण्याचं तेल, खिळीला मशीनचं, अशी माझी वाटणी आहे. खोबरेल हिवाळ्यात थिजतं, गोडेतेल खिळीत चिकट होतं.

घेताना पातं वर-खाली आणि डावं-उजवं हलवून बघा. वर-खाली किंचित हललं तर चालवून घ्या, बऱ्याच लॉकबॅकमध्ये असतं. डावं-उजवं डुललं तर ठेवून द्या.

दाबायची जागा कुठे आहे हेही बघा. ती मुठीच्या मध्यावर असेल तर आवळून धरलेल्या तळहाताने लॉक सुटण्याची शक्यता असते. म्हणून काही जण तिथे पट्टीला खोलगट कापतात. बक ११० या लॉकबॅकची जागा अगदी मागे, त्यामुळे तो बिनधास्त. पण तो २०० ग्रॅमचा, पावणेचार इंची पात्याचा. ट्रॅकपॅंटच्या खिशात टाकला तर पॅंट धरून चालावं लागेल.

ओपिनेलला मागे खटका नसतो, गळ्याशी फिरणारी कडी असते. १९५५ पासून आहे, साधी आणि पक्की. कार्बन आणि स्टेनलेस दोन्हीत मिळतो, ८ नंबरचं पातं साडेआठ सेंटिमीटर. पण मूठ बीच लाकडाची. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात ती फुगते आणि पातं आत असं आवळून धरते की नखाने उघडत नाही. मग मुठीचं बूड दगडावर ठोकायचं, पातं थोडं बाहेर येतं. मर्केटरची मूठ पत्र्याची, तिला हा त्रास नाही. पावसात ओल्या हातात थोडी निसटते, इतकंच.

गंजाचं म्हणाल तर पात्याचा गंज दिसतो, तो घासून काढता येतो. खिळीभोवती, आतल्या बाजूला घाम उतरतो तो दिसत नाही. कार्बन असेल तर ट्रेकहून आल्यावर उघडा ठेवून वाळवायचा, मिटून कपाटात टाकायचा नाही. पातं स्टेनलेस असलं तरी आतली स्प्रिंग साधी असू शकते, त्यामुळे वाळवणं दोन्हीला आलंच.

आणि लॉक आहे म्हणून टोकाने भोकं पाडायची, उचकटायचं, डब्याची झाकणं उघडायची, हे उद्योग नकोत.

वकील_नाशिकरोड

कायद्याचं कुणी काढलं नाही, म्हणून माझी दोन वाक्यं. (वकिलाची दोन वाक्यं म्हणजे किती, ते तुम्हाला माहीत आहे.)

शस्त्र अधिनियम १९५९ खालच्या नियमांत धारदार हत्यारांची जी यादी आहे, तिच्यात ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांचे चाकू येतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली पाती त्यातून वगळलेली आहेत. तीन इंची पेरू कापायचा चाकू त्या यादीत बसत नाही.

पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चं कलम ३७ वेगळं आहे. सण, मोर्चे, निवडणुका आल्या की त्याखाली मनाई आदेश निघतात. या कलमात तलवारी, भाले, लाठ्या यांच्याबरोबर चाकूही आहे, आणि तिथे पात्याचे इंच मोजलेले नाहीत. आदेश मोडला तर कलम १३५. नाशकात गर्दीचे प्रसंग कमी नाहीत, त्यात सिंहस्थ तोंडावर. आदेशाची बातमी पेपरात येते, ती वाचत जा.

माझा सल्ला व्यवहाराचा. बागेत, ट्रेकच्या सॅकमध्ये, गाडीतल्या हत्यारांच्या डब्यात ठेवा. शालिमारला खरेदीला किंवा रामकुंडावर जाताना खिशात बाळगायचं कारण काय? रात्रीच्या नाकाबंदीत समजावून सांगाल आणि सुटालही, पण तासभर उभे राहाल.

मावसभावाला सांगा, चाकू चेक-इनच्या बॅगेत. हातातल्या सामानात सापडला तर तो विमानतळावरच राहील.

मोहाडीकर

वकीलसाहेब, धन्यवाद, हे फार कामाचं सांगितलंत. आता शेवटचं: धार कुठे लावू? रविवार कारंजाकडे सायकलच्या चाकावर लावून देणारा दिसतो अधूनमधून.

टूलरूम_सातपूर

विळी, कोयता त्याला द्या, पोटावर पाय नको त्याच्या. हा चाकू देऊ नका. सुक्या चाकावर ठिणग्या उडतात तेव्हा जाड पात्याचं काही बिघडत नाही, पण पातळ पात्याची कड क्षणात तापते. धारेलगत निळा रंग दिसला म्हणजे ती जागा ३०० अंशांपर्यंत गेली, तिथलं पाणी उतरलं, कडकपणा गेला. मग कितीही घासा, तेवढ्या जागेची धार टिकत नाही, निळं सगळं झिजून जाईपर्यंत.

१००० ग्रिटचा पाण्याचा दगड घ्या. कोन असा काढायचा: पातं दगडावर उभं धरा, ते ९०. निम्मं कलतं करा, ४५. अजून निम्मं, साडेबावीस. त्याहून जरासं खाली आणा आणि तिथे मनगट बांधून टाका. एका अंगाने घासत राहायचं, दुसऱ्या अंगाला नखाला बर लागेपर्यंत. लागली की बाजू बदला. शेवटी दाब कमी कमी करत आळीपाळीने, आणि जुन्या चामडी पट्ट्यावर धार मागे ठेवून दहा-वीस वेळा ओढा. वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून कापून बघा. अडकेल तिथे बर राहिली आहे.

गडावर दगड नसेल तर चिनी मातीच्या कपाचं बूड. खालच्या गोल कडेला झिलई नसते, तिच्यावर चार-पाच हात फिरवले तर दिवस निघतो.

निफाडची_लेक

काका, हे आमच्या घरात सांगू नका. कपांची संख्या आधीच विषम आहे.

मोहाडीकर

ठरलं. मावसभावाला निरोप गेला: मर्केटर, स्टेनलेस, लहान आकारातला.

कारण उगावकरांचा विळा. छाटणीपासून पुढे आमचे हात मोरचुदाने निळे असतात आणि त्याच दिवसांत चाकूला सगळ्यात जास्त काम असतं. पुसेन, तेल लावेन हे आता बोलायला सोपं आहे, पण फवारणीच्या दिवशी पहाटे चारला उठलेला माणूस संध्याकाळी चाकूला तेल लावत बसणार नाही. कार्बनची हौस गेलेली नाही, ती टूलरूम काकांच्या ओळखीतल्या एखाद्या चांगल्या लोहाराकडून घरची सुरी करवून भागवीन. काका, नाव व्यनि (खाजगी निरोप) करा.

टूलरूम_सातपूर

करतो. त्याला तुटलेली हॅक्सॉची पाती नेऊन देऊ नका, सगळे तेच करतात. ट्रॅक्टरच्या किंवा जीपच्या पाट्याचं स्प्रिंग मिळालं तर न्या. आधी हवी ती जाडी आणि लांबी ठरवून जा, त्याच्या मनावर सोडलंत तर कोयता घेऊन घरी याल.

धार_पुणेकर

१.४०३४ घेतलंत शेवटी. नाशिककर ते नाशिककरच.

उगावकर

द्राक्षं खायला येता तेव्हा नाही म्हणत असं.

डावरा_सिन्नर

उशिरा आलो, धागा झकास. एकच प्रश्न, मी डावखुरा आहे. मित्राचा एक चाकू वापरून बघितला, त्याचं लॉक आतल्या पत्र्याला आहे आणि तो बाजूला ढकलायचा असतो, डाव्या अंगठ्याला तो सापडतच नाही. लॉकबॅकचं काय?

कातळकडा

तो लायनर लॉक, उजव्यांसाठीच बनलेला. लॉकबॅकची पट्टी पाठीवर मधोमध, ती दोन्ही हातांना सारखीच, त्यामुळे मिटताना अडचण नाही. उघडताना बघा. नखाची खाच बऱ्याच चाकूंना पात्याच्या एकाच अंगाला असते आणि ती उजव्यांच्या सोयीची. तुम्हाला पातं चिमटीत धरून उघडायची सवय करावी लागेल. नाहीतर पात्याला आरपार गोल भोक असलेला घ्या, तो कुठल्याही अंगठ्याने उघडतो. डेलिका तसाच आहे, त्याची क्लिपही काढून दुसऱ्या बाजूला लावता येते.

डावरा_सिन्नर

म्हणजे मला डेलिका. आमच्याकडे बाग नाही, मोरचूद नाही, फळं आणि कुरिअरची खोकी एवढंच काम.

धार_पुणेकर

या प्रतिसादाचा स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे.